तो निळा क्रेट

नाशिक,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

प्रिय दिल्या,

आधी शिव्या देऊन घे. दीड वर्षात तुझे तीन फोन उचलले नाहीत, दिवाळीला नुसते जोडलेले हात पाठवले. वहिनी म्हणाल्या असतील, नंदूभावजी साहेब झाले. साहेब कसला लेका, वरच्या आणि खालच्या मधला वॉशर झालोय. आईचा मोतीबिंदू काढला, आता तिला शेजारणीच्या ताटात काय वाढलंय तेही दिसतं. माझी शुगर काठावर. झालं तब्येतीचं.

फोनवर हे सांगता आलं नसतं. फोनवर तू मध्येच हसतोस.

दहा तारखेला, मंगळवारी, मी लाइनवरच्या एका पोराच्या बुडाखालचा क्रेट पायाने सरकवला. निळा, उलटा घातलेला. तुला आणखी काही सांगायला नको.

पोरगा पेठकडचा, ठेकेदाराचा, विशीतला. फायनल इन्स्पेक्शनला उभा असतो. पीस अडीच किलोचा, बेचाळीस सेकंदांना एक. उचल, बोर म्हणजे आतलं भोक बघ, मापाचं गेज घाल, बिनमध्ये ठेव. शिफ्टला सहाशे चाळीस पीस होतात. परवा सिगारेटच्या पाकिटावर गुणाकार केला (हो, सुटली नाही अजून), तर सोळाशे किलो निघाले. आणि ठेकेदार पोरं आणताना म्हणतो, ‘उभं राहायचं काम आहे, हलकं आहे.’

त्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट होतं. पिवळ्या पट्ट्यांच्या आत जे ठरलंय तेच पाहिजे, बाकी सगळं ‘अनआयडेंटिफाइड मटेरियल’. मागच्या ऑडिटला एका झाडूवरून मेमो खाल्लाय मी. ऑडिटर गँगवेच्या टोकाला दिसला आणि पाय आपोआप गेला. बोललोसुद्धा नाही रे. कुत्र्याला हाकलतात तसा नुसता पाय. पोरगा उठला, ‘बरं सर’ म्हणाला आणि पुढचा पीस उचलला. ऑडिटर तर त्या टेबलाकडे फिरकलाच नाही, कॅन्टीनमधल्या समोशाची तारीफ करून गेला.

बुधवारपासून चार दिवस पोराचा पत्ता नाही. ठेकेदार म्हणाला, ‘दुसरा देतो ना.’ ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड झालंय का विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे.’ कार्ड असतं तर आजारपणाच्या रजेला सत्तर टक्के पगार मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पोराचे चार दिवस सरळ गेले. सोमवारी आला तो दोन्ही पायांना क्रेप बँडेज गुंडाळून, आणि माझ्याकडे बघून हसला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता माझ्या कमरेचं. हसू नकोस. ऑगस्टपासून दुखतेय, पट्ट्याच्या खाली, डाव्या अंगाला. आपण ईएसआयच्या बाहेर. पगार २१,००० च्या वर गेला तेव्हा पेढे वाटले होते, तू फोनवर म्हणाला होतास, ‘आता खोकला आला तरी तुझा तूच बघ’, ते आठवतंय. एमआरआय पदरचे पैसे घालून काढला. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली चकती जरा फुगलीय, पण तुमच्या वयाला न दुखणाऱ्यांच्याही कमरेत एवढं दिसतं. म्हणजे पैसे भरून कळलं काय, तर माझी कंबर सर्वसाधारण आहे.

मग सिडकोतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. आपल्या पोरींच्या वयाची. पाय वर करायला लावले, वाकायला लावलं, आणि मग विचारते, ‘काका, साहेबाशी पटतं का?’ माझं डोकंच फिरलं. कंबर दाखवायला आलोय का साहेब? ती शांतपणे म्हणाली, कधी दुखत नाही ते सांगा.

आणि दिल्या, मला आठवलं. डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं दिंडोरीला. आठ दिवस रजा. मांडवात सिलिंडर वाहिले, सतरंज्या ओढल्या, वरातीत दोन तास नाचलो (व्हिडिओ आहे, मिळणार नाही). कंबर एकदाही दुखली नाही. दुखायला लागली रविवारी संध्याकाळी, युनिफॉर्मला इस्त्री करताना. आणि दर रविवारी हेच. आत्ताही सात वाजलेत, इस्त्री समोर गरम होतेय आणि कळ सुरू झालीय. म्हणूनच आज लिहायला बसलो.

ती पोरगी सांगत होती, अमेरिकेत बोइंगच्या कारखान्यात तीन हजारांवर कामगारांचा अभ्यास झाला, १९९१ साली छापून आला. ज्यांना कामात मन रमल्याचं जवळपास कधीच आठवत नव्हतं, त्यांच्यात पाठ दुखावल्याची तक्रार करणारे अडीच पट निघाले, कामात रमणाऱ्यांच्या तुलनेत. म्हटलं, म्हणजे मी नाटक करतोय? म्हणाली, ‘नाही काका, दुखणं खरंच आहे. झोप नाही, दात आवळलेले, खांदे कानाला टेकलेत. स्नायू ढिले पडतच नाहीत. आणि न झोपलेल्या माणसाला तेच दुखणं जास्त लागतं.’ तिथेच टेबलावर पालथा पडून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं दाब जास्त झाला. मीही तसंच म्हणालो.

हे कंपनीत कोणाला सांगू? कमरेला पट्टा बांधून गेलं की लोक खुर्ची पुढे करतात. झोप लागत नाही, सकाळी गेटपाशी पोटात गोळा येतो म्हटलं की ‘फिरायला जात जा’. एचआरने ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवलं, ते जेवणाच्या अर्ध्या तासात. पोरं डब्यावर एक डोळा ठेवून अनुलोम-विलोम करत होती. कॅन्टीनच्या भिंतीवर सरकारी टेलिमानसचा १४४१६ नंबर चिकटवलाय, मन मोकळं करायला कधीही फोन करा. फोन गेटवर जमा करून आत जायचं असतं.

रात्री अकराला ग्रुपवर येतं, ‘रिजेक्शन का वाढलं? फोटो पाठवा.’ मी घरी, पीस कंपनीत, फोटो कशाचा पाठवू? पण रात्री दोनपर्यंत उत्तर जुळवत बसतो. तरी माझं पुष्कळ बरं. मीही दिवसभर उभाच असतो, पण वाटेल तेव्हा टेबलाला टेकतो, फायली शोधायला म्हणून ऑफिसात बसून येतो. त्या पोराला लघवीला जायचं तरी रिलिव्हर यायची वाट बघावी लागते. वजनाने माणूस इतका मोडत नसावा. कधी टेकायचं ते आपल्या हातात नसलं की मोडतो. हे तू २००३ मध्येच म्हणाला होतास, फक्त फार शिव्या घालून, त्यामुळे मुद्दा कोणाच्या लक्षात आला नाही.

आता खरं लिहितो.

तू कारखाना कायद्यातलं ते पान झेरॉक्स करून टाइम ऑफिसच्या काचेवर चिकटवलंस. १९४८ चा कायदा, कलम ४४, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय. खाली लाल पेनाने लिहिलंस, ‘साहेब, खुर्ची फक्त तुम्हालाच का?’ दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. तुला हे माहीत नाही. साहेबाने कागद पुढे केला, ‘अक्षर दिलीपचं ना?’ मी ‘हो’ म्हणालो नाही, आईशप्पथ. टेबलाच्या काचेखाली सप्तशृंगीचा फोटो होता, त्याकडे बघत राहिलो. मान खाली गेली, त्याला तेवढं पुरलं. गुरुवारी रॅकमध्ये तुझं पंचिंग कार्ड नव्हतं.

आणि तू आजतागायत समजतोस की स्टोअरच्या पाटलाने सांगितलं. तेवीस वर्षं त्याच्याशी बोलला नाहीस. त्याच्या मुलीच्या लग्नात तुझ्या नावाचा आहेर मी नेऊन दिला, तर बिचारा म्हणाला, ‘दिलीपला सांग, मी नव्हतो रे.’ मी म्हटलं, सांगतो.

सातपूरच्या आयटीआयपासून एका डब्यात जेवलो आपण. एम-८० गाडी तू बुडवलीस की मी, यावर अजून भांडतो (तूच). पण या बाबतीत भांडायला जागा नाही. तुला काढलं, म्हणून मी टिकलो असंही नाही. कदाचित तसाही टिकलो असतो. पण पाय उचलला तेव्हा क्रेटवर तो पोरगा नव्हता माझ्यासाठी, तू होतास.

गेल्या नोव्हेंबरात तो कायदाही गेला, नवे लेबर कोड आले. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय त्यातही लिहिलीय, मी शोधून वाचलं. केबिनबाहेर चिकटवायची छाती अजून नाही.

तुझं कसं चाललंय? वर्कशॉपला दुसरं मशीन घेतलंस असं कळलं, हप्ते जपून. चिंगीची बारावी ना यंदा? तिला माझ्यातर्फे पेन घेऊन दे, पैसे भेटल्यावर. सांगलीच्या उन्हात डोक्याला काही बांधत जा. सिंहस्थापायी इथले रस्ते उकरलेत, तरी रंगपंचमीला ये. राहाडीच्या रंगीत हौदात उडी मारायचं आपलं वय गेलं, काठावर उभं राहून भिजू.

आणि एक. भद्रकालीतून स्टूल आणलंय, उंच, लोखंडी पायांचं, टेबलाला बरोबर बसेल असं. गाडीवर पायांत धरून घरापर्यंत आणलं, कंपनीपर्यंत गेलेलं नाही. सहा दिवस आई त्यावर बसून मेथी निवडतेय आणि म्हणते, उंच आहे पण छान आहे. आत न्यायचं तर मटेरियल गेटपास भरावा लागतो, त्यात ‘कारण’ असा रकाना आहे. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. तिथे काय लिहू, तेवढं रात्रीत कळव. अक्षर माझंच असेल.

तुझा,
नंदू

ता.क. पाटलाचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवतोय. मला शिव्या देऊन झाल्या की त्याला फोन कर.