पॉवर म्हणजे शक्ती नव्हे

ग्रंथपालताई,
सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल अकादमीवरचा मराठी लेख तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलात, त्याबद्दल जाहीर आभार.

घोळ नावापासूनच होता. यांत्रिक भाषांतराने शाळेची 'शक्ती स्मारक अकादमी' करून टाकली होती! हे पॉवर म्हणजे हार्लेमच्या ऑल सेंट्स चर्चचे धर्मगुरू जेम्स पॉवर. 1906 मध्ये ख्रिश्चन ब्रदर्सना, म्हणजे शाळा चालवणाऱ्या कॅथलिक धर्मबंधूंना, त्यांनीच आयर्लंडहून बोलावून घेतलं. मुलांची ही शाळा 1931 ते 1984 चालली.

'ख्रिश्चन ब्रदर्स' म्हणवणारे संघही दोन. नावापुढची अक्षरं बघा, ही तुमची खूण अचूक निघाली: एफएससी असेल तर लासाल यांनी स्थापलेल्या संघाचे, सीएफसी असेल तर एडमंड राइस यांनी स्थापलेल्या. इथले ब्रदर्स राइस यांचे. गोव्यातली चिखलीची रेजिना मुंडी शाळाही याच संघाची.

वसतिगृह नसलेल्या शाळेचा इतिहास लिहिणं जिकिरीचं. खोल्यांच्या नोंदी नाहीत, खानावळीचे हिशेब नाहीत. मुलं शाळा सुटली की घरी. उरतात वार्षिकांक आणि वर्तमानपत्रांची क्रीडापानं. तिथे या शाळेचे विद्यार्थी, बास्केटबॉलपटू 'करीम अब्दुल-जब्बार' यांचं नाव शोधून काही सापडत नाही, कारण 1971 पर्यंत ते ल्यू अल्सिंडॉर होते. त्यात जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये हे आडनाव हमखास तुटतं. म्हणून आधी तारीख आणि शाळेचं नाव घालून शोधायचं, खेळाडू नंतर.

तसं शोधल्यावर 30 जानेवारी 1965 चा सामना सापडला. सलग 71 विजयांनंतर पॉवर मेरीलँडमध्ये डीमाथा शाळेकडून 46–43 अशी हरली. अल्सिंडॉर सात फुटांहून उंच. त्यांच्या हातावरून चेंडू कसा टाकायचा याचा सराव म्हणून डीमाथाचे प्रशिक्षक मॉर्गन वूटन यांनी बचाव करणाऱ्यांच्या हाती टेनिसच्या रॅकेट दिल्या होत्या. आमच्या मसुद्यात हे 71 विजय एकाच मोसमातले होते. शाळेच्या बास्केटबॉलमध्ये एका मोसमात एवढे सामने होतच नाहीत, हे आम्हालाच कळायला हवं होतं.

आगविम्याच्या जुन्या नकाशांची किल्लीही तुमचीच: गुलाबी रंग विटांच्या बांधकामाचा, पिवळा लाकडी, आकडा मजल्यांचा. 161 वेस्ट 61 वा रस्ता या पत्त्यावरची शाळा दहा मजली होती. 'इमारत आजही उभी आहे' हे आमचं वाक्य काढलं आहे. तिथे आता निवासी टॉवर आहे.

आपले,
लेखाचे संपादक