शेवटचा फर्मा

शहापूर, बेळगाव
दि. ८ डिसेंबर

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र आणि मुलीची 'स्वामी' या माधवराव पेशव्यांवरच्या कादंबरीची प्रत, दोन्ही आपल्या ओळखीच्या कंडक्टरांनी परवा दुकानावर आणून दिले. पुस्तकाचा कणा तुटला होता, पुठ्ठा एका बाजूने सुटला होता आणि फर्म्यांची, म्हणजे घड्या घातलेल्या पानांच्या जुड्यांची, शिवण सैल पडली होती. इतकी वर्षे हे काम केल्यावर पुस्तक हयगयीने मोडले की वाचून वाचून मोडले, हे हाताला कळते. हे वाचून मोडलेले आहे. बऱ्याच पानांचे कोपरे जुन्या नोटेसारखे मऊ झाले आहेत. मात्र थेऊरच्या अखेरच्या दिवसांपासून पुढची पाने छापखान्यातून नुकतीच आल्यासारखी करकरीत आहेत. त्या दोन्हींच्या मध्ये दिनदर्शिकेच्या कागदाची कापलेली एक पट्टी होती. तू पत्रात जे चार ओळींत लिहिले आहेस, ते मला पत्र वाचण्याआधीच पुस्तकाने सांगितले होते.

तू लिहितोस की तिने आरंभापासून तिथपर्यंत तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा त्याच ठिकाणी थांबली. इतिहासातले माधवराव १७७२ साली गेले हे तिला ठाऊक आहे, परीक्षेत तिने ते लिहिलेही आहे. पण पुस्तकात रमाबाईंशी बोलणारे माधवराव आपण पान उलटले नाही तर जाणार नाहीत, असे ती म्हणते. वहिनींना ही काळजीची गोष्ट वाटते. कधीच नसलेल्या संवादांवर आणि लेखकाने रचलेल्या माणसावर पोरीने इतका जीव लावावा का, आणि एकदा जवळ बसवून शेवट मोठ्याने वाचून दाखवला तर तिचे मन मोकळे होईल का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर आधीच सांगतो आणि मग त्याचे कारण लिहितो. वाचून दाखवू नकोस.

चार-पाच वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून वाचनालयाची चाळीसेक पुस्तके माझ्याकडे बांधणीला आली होती. त्यात 'मृत्युंजय' या कर्णावरच्या कादंबरीची एक प्रत होती. तुला माहीत असेल की पुस्तकाचा पहिला आणि शेवटचा फर्मा नेहमी सर्वांत आधी सुटतो, कारण पुठ्ठा उघडताना-मिटताना सगळा ओढा त्यांच्यावर येतो. त्या प्रतीचा शेवटचा फर्मा सुटून कधीचाच हरवला होता. म्हणजे त्या गावातल्या त्या प्रतीत गोष्ट पुरी होण्याआधीच पाने संपत होती. मी सवयीने मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला तारखांचा कागद पाहिला. पुस्तक वर्षानुवर्षे घरोघर फिरले होते. पावसाळ्यात, सुगी आटोपल्यावर, उन्हाळी सुट्टीत, तारखांवर तारखा होत्या. पुस्तके घेऊन आलेल्या गृहस्थांना मी विचारले की शेवट नसल्याची तक्रार कोणी केली नाही का. ते म्हणाले, "शेवट कोणाला माहीत नाही? त्यासाठी थोडेच नेतात."

त्या वाक्याने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. कर्ण मरतो हे या मुलखात पोराला पाटीपेन्सिलीच्या आधी कळते. रथाचे चाक रुतणार, विद्या ऐन वेळी आठवणार नाही, बाण येणार, यांतले काहीही लपलेले नाही. तरी माणसे ते जाडजूड पुस्तक काखेत धरून चिखल तुडवीत घरी नेत होती. मग ती कशासाठी नेत होती? माझी अशी समजूत झाली आहे की आपण अशा पात्रावर जीव लावतो तो त्याचे मरण ठाऊक असूनही नव्हे, तर ते ठाऊक असते म्हणूनच. ज्याचे पुढे काय होईल हे कळत नाही, त्याच्या गोष्टीत आपण पुढच्या पानाकडे धावत असतो. ज्याचे काय होणार हे कळलेले आहे, त्याच्याजवळ आपण बसतो. कर्णाचा धाकटा भाऊ शोण आपल्या दादाच्या मागे धावत येतो हा प्रसंग एरवी आपण घाईने वाचून सोडला असता. इथे तो आपण थांबून वाचतो, कारण हे धावणे कुठे संपणार आहे हे आपल्याला दिसत असते आणि त्या दोघांना दिसत नसते.

आपल्या शाळेतल्या कन्नडच्या सरांनी शिकवलेले कन्नडचा आदिकवी पंप याचे पद्य तुला आठवते का? आपण मराठी मुले मागच्या बाकांवर बसून अर्धे समजत होतो आणि अर्धे सुटत होते. पंपाने दहाव्या शतकात महाभारत रचले ते आपला आश्रयदाता अरिकेसरी याला अर्जुनाच्या रूपात गौरवण्यासाठी. म्हणजे नायक अर्जुन हे आधीच ठरलेले होते. तरीही कर्ण पडल्यावर तो कवी म्हणतो की महाभारतात दुसऱ्या कोणाला आठवू नका, एकचित्ताने आठवायचेच असेल तर कर्णाला आठवा. ज्याच्या विजयासाठी ग्रंथ लिहिला, त्याच्याच बाणाने मेलेल्या माणसापाशी कवीचा पाय अडखळला. सर ते पद्य म्हणत आणि खिडकीकडे वळून थोडा वेळ गप्प राहत. तेव्हा आपल्याला वाटे की तास संपायची वाट पाहत आहेत.

आता 'स्वामी'बद्दल. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. कोवाडची माणसे आजही लग्नाच्या बस्त्याला बेळगावात येतात. १९६२ साली 'स्वामी' आली, १९६७ साली 'मृत्युंजय', आणि पुढे देसाईंनीही कर्णावर 'राधेय' लिहिली. ज्यांचा शेवट वाचकाला आधीपासून ठाऊक आहे अशा माणसांच्या या गोष्टी आपल्या इतक्या जवळच्या मातीतून आल्या, याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि त्याचे कारण मी शोधत नाही. मला तुझ्या मुलीला एवढेच सांगायचे आहे की ती ज्या ठिकाणी थांबली आहे, तिथे लेखकालाही थांबावेसे वाटले असले पाहिजे. सोळाव्या वर्षी, पानिपतानंतरच्या त्या उद्ध्वस्त साली पेशवेपद अंगावर पडलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने थेऊरला जाणार, तारीख १८ नोव्हेंबर १७७२, आणि रमाबाई सती जाणार, हे सगळे लेखणी कागदाला लागण्याआधीच लिहिले गेलेले होते. त्यातला एक दिवसही वाढवण्याची मुभा कादंबरीकाराला नव्हती. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ साली धबधब्यावर संपवले, वाचक खवळले आणि दहा वर्षांनी त्याला परत आणता आले, कारण तिथे मरणही लेखकाचे होते आणि जीवदानही. माधवरावांच्या बाबतीत लेखकाच्या हाती होते ते फक्त मधले दिवस. ते त्याने किती मायेने भरले आहेत पाहा. तुझी मुलगी तीनदा तेच दिवस वाचते आहे. यात मला आजार दिसत नाही.

आणि शेवट नको म्हणणारी ती काही पहिली नव्हे. "एको रसः करुण एव" असे ज्याच्या नाटकात म्हटले आहे, त्या भवभूतीलाही रामायणातला शेवट सोसला नाही. उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. 'उत्तररामचरिता'त तो राम आणि सीता यांची भेट घडवून आणतो. करुण हाच एक रस मानणाऱ्या कवीने सीता परत आणली, हे तिला जरूर सांग. तिला बरे वाटेल.

तुला बैलहोंगलकडच्या जत्रेतली ती रात्र आठवत असेल, जेव्हा माझ्या वडिलांनी आपल्या दोघांना बैलगाडीतून 'संग्या-बाळ्या' हे कन्नड लोकनाट्य पाहायला नेले होते. संग्या मारला जाणार आणि त्यात त्याच्या जिवलग मित्राचा दगा असणार, हे मांडवातल्या प्रत्येकाला पाठ होते, आपल्यालाही वाटेत वडिलांनी सांगितले होते. तरी संग्या पहाटेच्या सुमारास निघाला तेव्हा आपल्या पुढे गोणपाटावर बसलेली एक म्हातारी अर्धवट उठली आणि हात पुढे करून ओरडली, "होगब्याडो, संग्या, होगब्याडो!" जाऊ नकोस रे. कोणी हसले नाही. संग्याचे सोंग घेतलेल्या नटाने क्षणभर तिच्याकडे पाहिले, मान खाली घातली आणि तो गेला. ती म्हातारी दर वर्षी येत असणार आणि दर वर्षी त्याला अडवत असणार. परत येताना तू गाडीत रडत होतास आणि झोपल्याचे सोंग करत होतास. हे मी तुला आजवर कधी बोललो नाही. आज लिहितो, कारण मुलीने हे कोणाकडून घेतले असे तू विचारले आहेस.

पण एवढे सगळे लिहूनही मी त्या खेड्याच्या प्रतीत शेवटचा फर्मा घातला, हेही तुला सांगितले पाहिजे. दुसऱ्या एका वाचनालयातून प्रत आणून पानांच्या झेरॉक्स काढल्या, घड्या घालून फर्मा केला, दाभणाने भोके पाडली आणि सुईत मेण लावलेला दोरा ओवला. आणि मग सुई हातात धरून बसून राहिलो. समोरच्या पातेल्यात मोरचूद घातलेली खळ निवत होती आणि मला असे वाटत होते की इतकी वर्षे त्या गावात जो जिवंत राहिला आहे, त्याचे मरण मी माझ्या हाताने शिवतो आहे. माझ्या हाताखाली काम करणारा मुलगा हुक्केरीकडचा, मराठी वाचता न येणारा. त्याने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा मी त्याला कन्नडमध्ये सांगितले. तो म्हणाला, "मग त्याने कवच दिले ते कशाला?"

त्या प्रश्नापाशी मी अजून आहे. सूर्याने स्वप्नात येऊन बजावले होते की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल, देऊ नकोस, दिलेस तर तुझे आयुष्य गेले. कर्णाने ऐकून घेतले आणि दिले. म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे, ते त्यालाही ठाऊक होते. शेवटची पाने नसलेल्या प्रतीत तो कवच देतो आणि पुढे काहीच होत नाही; त्याने कातडी सोलून दिली त्याची किंमत कोणीच मोजत नाही. आणखी एक गोष्ट त्या दिवशी पाने जुळवताना माझ्या ध्यानात आली. त्या कादंबरीत कर्ण स्वतः बोलतो, शेकडो पाने त्याचा आवाज आपल्या कानाशी असतो. शेवटचा भाग मात्र श्रीकृष्णाच्या तोंडी आहे. ज्याचा आवाज आपण इतका ऐकला त्याला स्वतःचे मरण सांगता येत नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी सांगावे लागते, आणि ते ऐकायला कोणी तरी असावे लागते. मी फर्मा शिवला. टाके नेहमीपेक्षा जवळ जवळ घातले, म्हणजे पुन्हा सुटणार नाही.

म्हणून तिने शेवट वाचूच नये असे माझे म्हणणे नाही. तो तिने आपल्या पायाने गाठावा, तुझ्या आवाजाने नव्हे. सहा महिने लागतील, सहा वर्षे लागतील. मी स्वतः थेऊरची पाने पहिल्यांदा वाचली ती लग्नानंतर, रात्री दुकान बंद केल्यावर, मागच्या खोलीत उभ्याने. बसून वाचण्याचा धीर झाला नाही. आणि वहिनींना सांग की नसलेल्या माणसासाठी रडणारी मुलगी असलेल्या माणसांकडे दुर्लक्ष करील अशी भीती बाळगू नका. गेल्या दिवाळीत माझ्या आईचे पाय चेपत दोन तास बसलेली तीच होती.

पुस्तक या पत्रासोबत पाठवत आहे. नव्या बांधणीत कडा कापून सारख्या करण्याची रीत आहे, पण तिने मऊ केलेले कोपरे मशीनखाली द्यायला मन झाले नाही, म्हणून कटाई केलेली नाही. कडा थोड्या वेड्यावाकड्या दिसतील. कापड निळे लावले आहे, कण्यावर नाव सोनेरी अक्षरांत घातले आहे. खळ पूर्ण वाळली असली तरी आठ दिवस पुस्तक दाबाखाली, आडवे ठेवायला सांग. वर खुणेसाठी एक रेशमी फीत बांधली आहे. ती मात्र मी पहिल्या पानापाशी ठेवली आहे. दिनदर्शिकेची ती पट्टी शिवण उसवण्याआधी काढताना मी पानाचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता, आणि काम झाल्यावर ती त्याच पानात, तिने खोचली होती तितकीच वर दिसेल अशी, परत घातली आहे. तिला पाहून घ्यायला सांग. काही चुकले असेल तर मला कळव.

तुझा,
शहापूरचा मित्र