एसटीनेच ये

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू संक्रांतीला उमरेडहून स्कूटीने येते म्हणालीस आणि मी गप बसली. बोलली असती तर भांडणच झालं असतं, म्हणून लिहून राहिली.

आधी तुझ्या शाळेतल्या पोट्ट्यांचं काम. पतंग करायला शिकवतेस तर जास्त वेळ मंगळसूत्र, म्हणजे पतंगाला मुख्य दोरा जोडायची वरची-खालची दोरी, बांधण्यावर घालव. वारा जोराचा असला की वरची दोरी किंचित आखूड ठेवायची, म्हणजे पतंग वाऱ्याला कमी छाती देतो. पतंग हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम पाठ करण्याआधी हे त्यांच्या हाताला कळू दे. मग एक विचार त्यांना: दोरा तुटला, वारा तर तोच आहे, मग पतंग गिरक्या खात का पडतो? दोरा धरून ठेवतो म्हणूनच वारा त्याला लागतो. सुटला की तो वाऱ्यासोबतच वाहत जातो.

महाल भागातल्या वाड्यात मला फक्त दोऱ्याची चक्री धरायला मिळायची. पण चक्री धरूनच शिकली मी. ढील दिली की पतंग सैल पडून फिरतो, नाक हवं तिकडे वळलं की खेचायचं. ताण बसताच आडवी कामटी मागे वाकते आणि तो नाकाच्या दिशेने सुटतो. तुझे बाबा फिजिक्सचे बीएस्सी, त्यांना अजून जमत नाही. तुझ्या वर्गातल्या पोरींच्या हातात दोरा दे. चक्री पोरांना धरू दे.

आणि दोरा म्हणजे साधी सुती सद्दी. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी आणली, तरी संक्रांतीला नागपुरात रस्त्यावर आडवा येतोच. सद्दी ताण आला की तुटते. हा तुटत नाही, आणि गाडीचा वेगच त्याला गळ्यात रुतवतो. हेल्मेट घालते म्हणशील. हेल्मेट गळा झाकत नाही, सोनू. ओढणी गुंडाळते म्हणशील. ओढणीचं काय ते मी त्या वर्षी बंड्याच्या वेळी पाहिलं आहे. रस्त्यात थांबून मेसेज बघायची सवयही तुझी...

झालं, सुरू झाली मी. माफ कर. नोकरी करणाऱ्या पोरीला असं लिहायचं नसतं, कळतं मला. तू पतंगावर विज्ञान शिकवतेस, हे मी अर्ध्या गल्लीला सांगून बसली आहे. परवा भाजीवालीलाही सांगितलं.

एसटीत तुला तिकीट अर्धंच आहे. गणेशपेठला बाबा घ्यायला येतील, पायी. त्यांच्या गाडीची किल्ली मी आत्तापासूनच लपवली आहे, त्यांना सांगू नको.

रमामावशीचा लाडवांचा डबा तुझ्याकडेच आहे, तो आण.

तुझी,
आई