चट्टा पडद्यावर दिसतो, टणकपणा बोटाला कळतो

‘दंतवैद्य व विद्यार्थ्यांसाठी मुखकर्करोगाचे ऑनलाइन प्रशिक्षण’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. उपक्रम स्वागतार्हच आहे. पण नुसते व्हिडिओ पाहून आणि प्रश्नमंजूषा सोडवून हाती प्रमाणपत्र पडणार असेल, तर माझा त्याला आक्षेप आहे. तोंडातला पांढरा चट्टा, लाल चट्टा, 2 आठवडे उलटूनही न भरलेली जखम ही संशयाची लक्षणे छायाचित्रांवरून शिकता येतात. (लाल चट्टा किरकोळ वाटतो, पण पांढऱ्यापेक्षा तोच अधिक धोक्याचा, विद्यार्थी नेमके हेच विसरतात.) मात्र जखमेची कड टणक लागते का, हे बोट फिरवल्यावरच कळते. जीभ गॉजने (जाळीदार सुती कापडाने) धरून बाजूला ओढल्याशिवाय तिची मागची कड नीट दिसत नाही, आणि हा रोग तर तिथे किंवा जिभेखाली वारंवार आढळतो. सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. रुग्ण दाढेची तक्रार घेऊन येतो आणि आपणही दाढच पाहून त्याला घरी पाठवतो! सगळे तोंड आणि मान तपासायला मोजकी मिनिटे पुरतात. अनुभवी शिक्षकासमोर काही रुग्णांची अशी तपासणी केल्याखेरीज हे प्रमाणपत्र कुणालाही देऊ नये.

– एक दंतवैद्य