अंजनाच्या काड्या

चोपडा,
२४ मे

प्रिय भो,

होळीपासून तुझे तीन निरोप आले, एकालाही उत्तर दिलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. आईचा गुडघा तसाच, तरी बिबड्या वाळत घालायला गच्चीवर चढतेच. ऊन चव्वेचाळीसवर. झालं.

आता खरं सांगतो. नाल्याकाठच्या आपल्या पट्ट्यातली अंजनाच्या झाडाची रोपं गेली. शेजाऱ्यांनी नाल्यातला गाळ काढायला जेसीबी आणला, तो वळवायला आपला बांध फोडला आणि गाळही आतच ओतला. मी ओरडत गेलो, तर चालवणारा पोरगा म्हणे, "त्या ते वायेल काड्या व्हत्यात!" त्याला काय बोलणार? मे महिन्यात अंजनाचं चार वर्षांचं रोप वाळक्या काडीसारखंच दिसतं. शेंडा दर उन्हाळ्यात मरतो, मूळ मात्र मुरूम फोडत खाली जात राहतं. पावसात बुंध्यापाशी पुन्हा फुटतं, पुन्हा वाळतं. अशी कितीतरी वर्षं गेल्यावर एखादा शेंडा टिकतो. मोठं अंजन पाडायचं तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी काढावी लागते. काडीला कोण विचारतो!

रोपाशेजारी चुना लावलेले दगड ठेव, असं तू दोनदा बजावलं होतंस. मी म्हणालो होतो, रानाचं स्मशान करायचंय का. हस आता.

बकेटने खरवडलं तिथली रोपं संपली. सोटमूळ तुटलं की पुन्हा पुरून उपयोग नाही, अंजन ते सहन करत नाही. नुसता गाळ पडलाय तिथे आशा आहे, पण फूटभर गाळाखालून कोंब वर येणार नाही. पहिला पाऊस पडला की हा काळा गाळ असा चिकटेल की फावडं उचलणार नाही. म्हणून आत्ताच काढतोय, मशीन न लावता, फावडं आणि घमेल्याने. शेवटचे चार बोटं हाताने. काडी लागली की बुंध्याची साल नखाने खरवडायची. खाली हिरवं नि ओलसर दिसलं तर जिवंत. कोरडं तपकिरी असलं तरी लगेच सोडायचं नाही, इंचभर खाली पुन्हा बघायचं. आजवर एकोणीस हिरवी निघाली. दगड ठेवतोय. हो, चुना लावून.

गाळ उचलला तरी त्यातलं बी राहणारच. कपाशीच्या रानात हाच गाळ सोनं. मुरमाड रानात तो गाजरगवताला आमंत्रण. ते फुलावर यायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलल्यावर उपटलं तर बी झाडत फिरल्यासारखं होतं. तरोट्याचं तण आलं तर येऊ द्यायचं, ते गाजरगवताला दाबतं. १९८४ साली मेक्सिकोतून आणलेले भुंगे गाजरगवताची पानं खातात खरे, पण पाऊस चांगला बसल्यावर. त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. वेडी बाभूळ वीतभर असतानाच उपटायची. वरून छाटली तर झुडूप होऊन बसते.

चाकांनी दाबलेल्या जागेत पुन्हा नांगर घालणार नाही. कुदळीने उताराला आडव्या उथळ रेघा मारून मारवेल गवताचे ठोंब लावायचेत, रेघा दीड फुटावर, रेघेत फुटाफुटावर. घाणेरीवरून मात्र आपलं भांडण कायम. तू म्हणतोस सगळी एकदम काढ. मी निम्मी ठेवलीय, तिच्या आडोशाला बोर आणि कांकर ही झुडपं वर येईपर्यंत. काढली ती जमिनीखाली दोन बोटं मूळ तोडून, ठोंब उलटा टाकून. तरी बुलबुल जिथे बसतात त्या झाडांखाली नवी उगवतेच, तिथे दर पावसाळ्यात फेरी. सुबाभळीची शेंग खिशातून आणून लावणारा तू, मला शिकवू नकोस.

मुख्य काम विसरायला नको. खरवडलेल्या जागी बी टोचायचंय. पिशवीतली रोपं नकोत, मूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरतं आणि मग जन्मभर गोलच राहतं. तुझ्या मामांच्या बांधावर दोन मोठी अंजनं आहेत ना? खाली पडलेल्या चपट्या शेंगा गोळा कर. भोक पडलेल्या टाक, आत किडा असतो. ताज्याच हव्यात, जुन्या बियांचा भरवसा नाही. सुती पिशवीत, सावलीत ठेव, प्लास्टिक नको. इथे रात्रभर पाण्यात भिजवून, दोन चांगले पाऊस झाल्यावर, बोराच्या झुडपाशी तीन-तीन टोचीन आणि वर बोराटीच्या फांद्या टाकीन, शेळ्यांपासून.

ताईच्या पोरीचा दहावीचा निकाल कळव. बदलीचं काय झालं? घरी सगळ्यांना नमस्कार.

आणि मामांना आजच फोन कर. अंजन दरवर्षी लगडत नाही. यंदा शेंगा धरल्यात की नाही, एवढंच आधी विचार.

तुझाच,
बांधावरचा