ती सुटलेली वायर

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी फाटकातच उभा होतो. आई म्हणाली, आत या, ती काही माफी मागायला परत येत नाही. माफी तू मागायची की मी, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

तुला न विचारता तुझी इलेक्ट्रिक गिटार उघडली, चुकलंच. आजीच्या पेटीचा भाताही मी असाच 'जरा बघतो' म्हणून उघडला होता, त्याचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. पण तुझ्या खोलीतून रात्रभर ती घूंऽऽ गुणगुण यायची. तारांवर हात ठेवला की ती कमी व्हायला हवी. तुझी होत नव्हती. तीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला झोप कशी लागायची?

अर्थिंगबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो.

त्याआधी हे सांगू दे. मानेचे चार स्क्रू काढले, तर आत लाकडावर शिक्का आणि त्यात '६६'. 'द क्लॅश' बँडच्या जो स्ट्रमरची टेलिकास्टर गिटारसुद्धा १९६६ची आणि त्यानेही ती काळी रंगवून घेतली होती, हे तूच जेवताना ऐकवलेलं. तुझ्या गिटारचा काळा रंग वरच्या कडेला, जिथे मनगट घासतं, तिथे पार लाकडापर्यंत गेलाय. आणि तारांच्या खालच्या बाजूला नुसते ओरखडे, नांगरल्यासारखे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की तुझ्याआधी ही वाजवणारा तो म्हातारा वर-खाली वाजवतच नव्हता, खाली फटके मारत होता. रामोन्स बँडचा जॉनी असाच वाजवायचा, नाही का? किती वर्षं मारले असतील त्याने! आणि अशी वस्तू काचेत ठेवणाऱ्या कुणाला न विकता त्याने तुझ्या हातात दिली. तेव्हा मी 'बरं' एवढंच म्हणालो होतो. जास्त काही बोलता आलं नाही म्हणून.

तर वायर. ब्रिज म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी; तिच्याजवळच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या, बुडाला तांब्याचा मुलामा दिलेली एक पट्टी असते. तिच्यामार्फत ब्रिज आणि तारा अर्थिंगला जोडल्या जातात. तिथली बारीक वायर सुटली होती. थेंबभर सोल्डर लावून जोडली, गुणगुण उतरली. मी खूश. आणि तू म्हणालीस, "बाबा, तो तिचा आवाज होता." मी हसलो. हसायला नको होतं.

आता खरं सांगतो. तू गेलीस त्या रात्री अडीचला मी उठून बसलो. वायर सुटलेली होती तोवर तुझ्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. आता त्या केबलमधून अँपला (आवाज मोठा करणाऱ्या त्या खोक्याला) आणि अँपमधून जमिनीला जोडलेल्या आहेत, माझ्या हाताने. अँप बिघडला तर करंट तारांत. अँप नीट असला पण हॉलच्या माइकमध्ये करंट उतरला, तर एकीकडे घामाने भिजलेली तुझी बोटं, दुसरीकडे ओठ, मध्ये तू. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे याने माइकला हात लावला आणि स्टेजवरच गेला. घाबरवत नाहीये तुला. घाबरवतोय, हो. त्या म्हाताऱ्याने ती वायर मुद्दामच काढून ठेवली नसेल ना, असं सारखं मनात येतं.

म्हणून अँप आणि माइकचं सगळं एकाच बोर्डावरून घे. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का विचार. लोक हसतील, हसू देत. गुणगुण घालवायला कुणी प्लगची तिसरी पिन काढू लागला, तर त्याला बँडमधून काढ. आणि गाण्याआधी एक हात तारांवर ठेवून टेस्टरचं टोक माइकच्या जाळीला लाव. दिवा लागला तर गाऊ नकोस. कार्यक्रम रद्द झाला तरी चालेल.

झालं, लेक्चर सुरू झालं माझं. तू सात वर्षांची असताना मीटरबोर्डाखाली बॅटरी धरून उभी राहायचीस, आणि टेस्टर पेटला की विचारायचीस, "आत कोण राहतं?" मी काय उत्तर द्यायचो ते आठवत नाही. बॅटरीचा उजेड मात्र हलायचा नाही. एकदाही नाही.

शिरीषकाकांनी तुझा व्हिडिओ पाठवला. पहिल्यांदा मी फक्त प्लग आणि केबली पाहिल्या (अँपमागचं ते एक्स्टेंशन कुणाचं आहे? बदला). दुसऱ्यांदा तुला पाहिलं. मधल्या गाण्यात तार तुटली, तू पाहिलंससुद्धा नाहीस, उरलेल्या पाचांवर गाणं ओढून नेलंस. आई म्हणाली, आवाज जरा मोठा करा. आईच म्हणाली.

वायर काढायची असेल तर काढ, गिटार तुझी आहे. पण काढलीस तर बिघडलेल्या अँपचं भय कमी, माइकचं कमी, गुणगुण परत. ठेवलीस तर वरचं सगळं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, दोन्हीकडून झोप उडते.

टेस्टर गिटारच्या पेटीत ठेवलाय, जुन्या तारांच्या पाकिटाखाली, तुझ्या एका मोज्यात गुंडाळून. हाही न विचारताच.

तुझा,
बाबा

ता. क. उघडताना काळ्या रंगाचा एक टवका निघाला. टाकला नाही, डबीत आहे.