घोषणेपेक्षा कायदा टिकाऊ

अमेरिकेतील डोंगराळ वन्यप्रदेश, मुक्त वाहणाऱ्या नद्या आणि भटकंतीच्या सार्वजनिक जमिनी यांच्या संरक्षणाच्या विधेयकांवरील आपल्या लेखात, अध्यक्षांच्या घोषणेने काम भागत असताना काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, वर्षानुवर्षे खल कशाला, असा सूर आहे. तो पटला नाही. यूटा राज्यातील बेअर्स इअर्स हे राष्ट्रीय स्मारक (म्हणजे अध्यक्षांच्या घोषणेने संरक्षित केलेली सार्वजनिक जमीन) ओबामा यांनी २०१६मध्ये घोषित केले, ट्रम्प यांनी २०१७मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी घटवले आणि बायडेन यांनी २०२१मध्ये ते पूर्ववत केले. याउलट १९६४च्या कायद्यान्वये राखलेल्या वन्यप्रदेशाचे किंवा १९६८च्या कायद्याने धरणांपासून वाचवलेल्या नदीचे संरक्षण काढायचे, तर पुन्हा काँग्रेसचीच संमती लागते. खल लांबतो हे खरे. पण २०१९मध्ये सुमारे १३ लाख एकर नव्या वन्यप्रदेशाला संरक्षण देणारा कायदा सिनेटने ९२ विरुद्ध ८ मतांनी संमत केला, तो याच खलातून. अशा कायद्याने माणसालाच मज्जाव होतो, हा (दर वेळी निघणारा) आक्षेपही तपासून घ्यावा. वन्यप्रदेशात मनाई असते ती रस्ते, मोटारी आणि पक्क्या बांधकामांना. पायी हिंडणाऱ्याला, तंबू ठोकणाऱ्याला किंवा होडी वल्हवणाऱ्याला नव्हे.